न बघण्याचं काम

"या ताईला बसवायचं कुठं, हा दर लग्नात एक तापच असतो बघ."

आवाज सत्यजितचा होता आणि पडद्याच्या पलीकडून आला होता. धाकटा भाऊ दत्तू त्याच्या धोतराच्या निऱ्या खोचत होता, त्यासाठी सत्यजितनं पोट आत ओढून धरलं होतं, म्हणून आवाज दबका. पण पडदा म्हणजे हॉलवाल्याची एक जुनी चादर, आणि चादरीच्या अलीकडं हातभर अंतरावर त्याची थोरली बहीण कमलिनी अक्षतांच्या पुड्या बांधत बसलेली. "पुढं बसवलं तर मुलाकडचे विचारणार, ह्या कोण, ह्यांचे मिस्टर कुठायत. मागं बसवलं तर हिचं तोंड फुगणार."

"देवाजवळ बसव की," दत्तू म्हणाला. त्याच्या तोंडात पिन असावी. "नाही तरी तिथं कुणीतरी लागतंच."

"हां. ये सही है."

कमलिनीच्या बोटांतला दोरा पुडीभोवती एक वेढा जास्त फिरला, एवढंच झालं. तसं बघितलं तर यात लागण्यासारखं काही नव्हतं. लग्नघरात सगळ्याचीच जागा ठरवावी लागते. पाण्याचे जार कुठं, आहेराचं टेबल कुठं, जेवणात मीठ जास्त झालं म्हणून ओरडणारे काका कुठं, तशी ताई कुठं. शिवाय भाऊ वाईट बोलत नव्हते, कुरकुरत होते, आणि ती कुरकुर एखाद्या जड कपाटाविषयी असावी इतकी बिनरागाची होती. तेच कुठंतरी जाऊन बसलं. रागानं बोलला असता तर रागानं उत्तर देता आलं असतं. कपाट काय उत्तर देणार? तिनं पुडी टोपलीत टाकली, दुसरी घेतली, आणि तिच्या लक्षात आलं की आपले दात एकमेकांवर घट्ट बसलेत आणि ते सोडवायचे कसे हे आपल्याला आठवत नाहीये.

थोड्या वेळानं सत्यजित धोतर-उपरण्यात, कपाळाला गंध लावून, एखाद्या पापभीरू माणसासारखा दिसत आत आला आणि गोड आवाजात म्हणाला, "ताई, तू देवाजवळ बस हं आज. मानाची जागा आहे. नवरदेव देव चोरायला आला की तू फक्त बघायचं नाही."

लग्न लागलं, जेवणं झाली, की निघण्याआधी नवरदेवानं मुलीकडच्या देवातला एक देव चोरायचा, आणि मुलीकडच्यांनी बघून न बघितल्यासारखं करायचं, अशी पिंपळापुऱ्यांच्या घरची रीत. आजोबा छप्पन साली सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले तेव्हा दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि असल्या रीती घेऊन आले. पाटा-वरवंटा गेला, ट्रंका गंजल्या, रीती टिकल्या. न बघण्याचं काम कमलिनीला द्यावं यात मात्र खरोखरच अक्कल होती, हे तिलाही मान्य करावं लागलं. उभ्या आयुष्यात तिनं दुसरं काय केलं होतं? खाटेखाली थंडीत पोत्यात बांधून ठेवलेल्या कूलरच्या मोटरी तिनं बघितल्या नव्हत्या. दत्तूच्या गुडघ्यावरचे, दुसऱ्यांच्या खिडक्यांवर चढताना झालेले ओरखडे बघितले नव्हते. एकदा दाराशी हवालदार आला तर त्याला चहा पाजताना आपल्याच पायाशी पडलेला पाण्याचा पंप हळूच पलंगाखाली लोटणारा स्वतःचा पायसुद्धा तिनं बघितला नव्हता.

भावांचा धंदा तसा सरळ होता. भोपाळात उन्हाळा मार्चातच दार वाजवतो आणि घरोघरी खिडकीला कूलर लागतो. दिवाळीनंतर त्याच कूलरकडं कुणी ढुंकून बघत नाही, तो बिचारा खिडकीबाहेर लटकत राहतो, पोटात मोटर घेऊन. दत्तू थंडीत त्या मोटरी काढून आणायचा. उन्हाळा लागला की लोक बटण दाबायचे, पंखा फिरायचा नाही, मग ते नेहरू नगरात सत्यजितच्या दुकानात यायचे, आणि सत्यजित सहानुभूतीनं चुकचुकत, "जळाली असेल हो, माल कुठं राहिला पहिल्यासारखा," म्हणत त्यांना मोटर बसवून द्यायचा. बऱ्याचदा त्यांचीच. तेवढी नीतिमत्ता त्यानं पाळली होती. शक्यतो ज्याची त्याला. दुकानाचं नाव 'कमल कूलर सर्व्हिस'. तिच्यावरच्या प्रेमापोटी ठेवलेलं. आज हॉलमध्ये जे सहा की आठ कूलर घरघरत होते तेही त्याच दुकानातले, आणि वाळ्याच्या ओल्या वासानं सगळे व्याही तृप्त होऊन, "वा, इंतजाम झकास आहे हं," म्हणत होते. कमलिनी त्या वासात लग्न लागताना मागच्या बाजूला उभी राहिली, अक्षता टाकल्या, सत्यजितच्या लेकीच्या, जुईच्या डोक्यावर आपलेच तांदूळ पडले का हे बघायचा प्रयत्न केला, आणि जेवणं झाल्यावर सांगितल्याप्रमाणं देवाच्या खोलीत येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

समोर पाट, पाटावर अन्नपूर्णा, शंख, आणि रांगणारा पितळी बाळकृष्ण. हाच तो. बाळकृष्णाच्या एका गुडघ्याचं पितळ घासून घासून गुळगुळीत झालं होतं, आणि त्याच्या हातातला लोण्याचा गोळा लांबून पेढ्यासारखा दिसायचा. ती त्याच्याकडं बघत बसली आणि तोही तिच्याकडं, जणू दोघांनाही आता एकमेकांत नवीन काही सापडणार नव्हतं.

वडील गेले तेव्हा कमलिनी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, सत्या बारावी नापास आणि दत्तू तर अर्ध्या चड्डीतून नुकता बाहेर पडलेला. वडिलांच्या जागी तिला नोकरी लागली. सरकारी कचेरी, वरच्या मजल्यावरचं टेबल, मागं खिडकी. वडिलांचं टी. टी. नगरातलं क्वार्टर तिच्या नावावर झालं, आणि पेरूच्या झाडासकट, गळक्या नळासकट सगळं घर तिच्या हजेरीपटावर तरून राहिलं. आई तेव्हा धडधाकट होती. पदर खोचून कामाला लागणारी, हिशोबी, कमी बोलणारी. अमरावतीचं स्थळ तिनंच आणलं होतं का? नाही, मावशीनं. आई फक्त म्हणाली होती, "मुलगी आहे, द्यायची तर आहेच," आणि भांडी घासायला लागली होती. त्यात तेव्हा कमलिनीला काही वावगं वाटलं नाही. आया असंच बोलतात. पुढं लग्न होऊन मोडल्यावर वर्षाच्या आत आईच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. मग कितीतरी वर्षं कमलिनी कचेरीत जाण्याआधी तिला भरवायची आणि घास तोंडाशी नेला की आई रडायची. डोळ्यांतून नुसतं पाणी, आवाज नाही. शेजारणी म्हणायच्या, लेकीचं दुःख बघवत नाही हो माउलीला. कमलिनी पदरानं आधी आईची हनुवटी पुसायची, मग डोळे.

प्रकाश अमरावतीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत होता. हातांना कसल्यातरी रसायनाचा वास. तो बाळकृष्ण चोरायला आला तेव्हा त्याला चोरी कशी करतात हेच माहीत नव्हतं. आधी शंखच उचलला, मग कुणीतरी खाकरलं म्हणून ठेवला, मग बाळकृष्ण कोटाच्या खिशात घातला तो उलटा. डोकं आत आणि रांगणारे पाय बाहेर. शालूत अवघडून उभ्या असलेल्या कमलिनीला ते पाय दिसले आणि ती हसली. तिचं हसू बघून तोही हसला. लाजून, एक भुवई उंच करून, जणू म्हणत होता, आता तूही सामील. तेवढाच त्यांचा संसार. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वऱ्हाड निघायचं होतं. वऱ्हाड स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलेलं, आणि नवरी आदल्या रात्री माहेरीच राहून सकाळी सासरच्यांबरोबर निघणार असं ठरलेलं. सकाळी सासू आली ती गाडीत बसवायला नाही. तिची दागिन्यांची पेटी गेली होती, आणि प्रकाशच्या खिशातला देवही. ती चपला न काढता तडक देवघराशी गेली. बाळकृष्ण पाटावर आपल्या जागी बसलेला, डोक्यावर ताजं तुळशीचं पान. सासू त्याच्याकडं बघत राहिली, मग घराकडं, मग दारात उभ्या दोन पोरांकडं. "चोरांच्या घरची मुलगी आम्हाला नको," असं ती म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही. पोलिसांतही गेले नाहीत ते लोक, त्यांची त्यांना अब्रू होती. प्रकाश बाहेर रिक्षाजवळ उभा होता, पाठमोरा. कमलिनीला त्याच्या कोटाचा रिकामा, लोंबलेला खिसा दिसला. पुढं कोर्टाचा कागद आला तेव्हा ती त्याचा चेहरा आठवायला गेली आणि तिला फक्त तो खिसा आठवला.

पेटीचा पत्ता लागला नाही. पोरांनी आईच्या गळ्याची शपथ घेतली, "आम्ही फक्त देव आणला, मजा म्हणून! पेटीचं आम्हाला काय ठाऊक?" त्याच उन्हाळ्यात नेहरू नगरातलं दुकान उघडलं. कमलिनी काही खुळी नव्हती. पण घरात तिघंच जण, आई अंथरुणाला, आणि सकाळी दहाला कचेरी. माणूस कुणाकुणाशी भांडणार? तिनं ते गिळलं, आणि गिळलेलं आत नीट बसावं म्हणून वर वर्षांमागून वर्षं रचली. पण भावांनी त्याचा किस्सा केला. प्रत्येक बारशाला, मुंजीला, पंगतीत सत्यजित सांगायचा, "नवरदेवानं आमचा देव चोरला! आमचा! मी म्हटलं दत्तू, ही तर इज्जतीची बात आहे. पिंपळापुऱ्यांच्या घरात चोरी करून कुणी सुखानं झोपेल?" लोकांना हसून हसून ठसके लागायचे. किस्स्यात पेटी नसायची. किस्सा बाळकृष्णाच्या डोक्यावरच्या तुळशीच्या पानाशी संपायचा, आणि त्यानंतर कमलिनीचं काय झालं हे तर समोर वाढतच असायचं. आजही, मघाशी, जेवणाच्या टेबलावर नव्या व्याह्यांसमोर त्यानं तो सुरू केला होता. त्याची बायको वैजयंती त्याला कोपरानं ढोसत होती, "अहो, आज नको, आज तरी नको," आणि जुई ताटातल्या जिलबीकडं बघत होती.

देवाच्या खोलीतल्या खुंटीवर सत्यजितचा कोट टांगलेला होता. धोतर सोडून पाठवणीच्या वेळी घालायचा. कमलिनी त्या कोटाकडं बघत होती की नव्हती हे तिलाही सांगता आलं नसतं, तेवढ्यात विहीणबाई आत आल्या. योगिनीताई. इंदूरच्या, मोकळ्या, घामाघूम. "कमलताई, तुम्ही इथं एकट्या? बरं झालं बाई. ही चिंचपेटी गळ्याला अशी चावतेय म्हणून सांगू! माझ्या आईची आहे, नाही घातली तर बहिणी बोलणार." त्यांनी ती काढली, कानातल्या कुड्या काढल्या, सगळं एका मखमली बटव्यात घातलं आणि तो बटवा कमलिनीच्या ओंजळीत ठेवला. "जरा असू द्या. तोंड धुऊन येते. तुम्ही देवापाशी बसलायत, तुमच्याहून सुरक्षित कोण?"

त्या गेल्या. बटवा ओंजळीत होता. मखमल तिच्या घामानं थोडी ओली झाली. कमलिनीनं आयुष्यात कधी कुणाची टाचणी उचलली नव्हती, आणि ती तशी बसून राहिली तर आताही काही झालं नसतं. पण ती उठली. कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, आणि हात इतका सराईतपणे गेला आणि आला की तिचं तिलाच नवल वाटलं. म्हणजे रक्तात असतं तर! उगाच कचेरीत आयुष्य घालवलं. परत खुर्चीवर बसताना तिचं हृदय जोरात वाजत होतं असं म्हणायला हवं, पण ते वाजत नव्हतं. ते शांत होतं, जसं खूप दिवसांनी कुणी दाढ काढल्यावर तोंड शांत असतं. आता फक्त एक वाक्य लागणार होतं, तेही खरं: मघाशी सत्या येऊन गेला इथं. तो आलाच होता, अत्तर घ्यायला. एवढं वाक्य, आणि मग त्याच्या मुलीचं लग्न त्याच्या डोळ्यांसमोर तसंच उलटं वळेल, चपला न काढता आत येईल, सगळ्यांच्या डोक्यावरून बघेल आणि काही न बोलता निघून जाईल. मग तो सांगू दे किस्सा. मग बघू, कोणत्या पंगतीत लोक हसतात.

आणि जुई? हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. तो पडला आणि तिथंच, पाटाशेजारी, बसून राहिला. जुईला तिनं न्हाऊ घातलं होतं, शाळेत सोडलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या. ती सासरी जाणार म्हणून गेला महिनाभर कमलिनी कचेरीतून येताना उगाच दोन समोसे बांधून आणत होती, कारण पुढं एकच आणावा लागणार होता. जुई परत आली तर तिचं वाईट होईल, फार वाईट. पण ती घरात असेल. संध्याकाळी दिवा लावताना मागून कुणीतरी म्हणेल, आत्या, चहा टाकू? दोघी गच्चीत बसतील. एकीला दुसरीला काही समजावून सांगावं लागणार नाही. हे चित्र इतकं ऊबदार होतं की कमलिनी त्यात जरा वेळ बसूनच राहिली, आणि मग तिला एकदम आपली भीती वाटली. कोटाकडं नाही, त्या चित्राकडं बघून. तिनं उठायला हवं होतं. हात घालून बटवा काढायला हवा होता. एवढ्यात दार हळूच उघडलं आणि नवरदेव चोरी करायला आला.

चिन्मय कंपनीत इंजिनिअर होता, मंडीदीपला. त्यानं आधी दारातून मुंडावळ्यांसकट डोकं आत घातलं, कमलिनीला बघून दचकला, मग ओशाळून म्हणाला, "आत्या, तुम्ही बघत नाहीये ना?"

"नाही रे बाबा," कमलिनी म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर हॉलवाल्याच्या कॅलेंडरचा खिळा होता, नुसता खिळा. मागं पितळ पाटावर घासल्याचा आवाज आला.

"कुठला घेऊ पण? जुई म्हणाली, अन्नपूर्णा घे. आई म्हणते, बाळकृष्ण."

"चोराला कुणी सांगत नसतं," ती भिंतीला म्हणाली. तो हसला. त्या हसण्यात लाज होती, आणि तिला ते हसणं कुठून तरी ओळखीचं वाटलं. जाताना त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. चोरी करून जाता जाता. तिला म्हणावंसं वाटलं, थांब. पण काय म्हणून थांबवणार? आणि तेवढ्यात बाहेरून योगिनीताई आल्याच, तोंड पुसत, हातावर मानाची शाल, मागोमाग वैजयंती आणि शालूतली जुई.

"कमलताई, द्या माझं गाठोडं," योगिनीताई हात पुढं करून म्हणाल्या.

आणि कमलिनीला पुन्हा ते ऐकू आलं, आज सकाळचं नाही, सगळंच. पंगतीतलं हसणं, तुळशीचं पान, ये सही है. तिचे दात पुन्हा एकमेकांवर बसले, आणि त्यांच्यामधून ते वाक्य आपोआप बाहेर आलं.

"इथं पाटाशीच ठेवला होता हो. मघाशी सत्या येऊन गेला इथं."

खोलीत कूलरचा आवाज फार मोठा झाला. वैजयंतीचा हात तोंडावर गेला. तिला विचार करावा लागला नाही, बिचारीला, इतक्या वर्षांची सवय. योगिनीताई आधी हसल्या, पाटाखाली बघितलं, खुर्चीमागं बघितलं, आणि मग त्यांचं हसू एका बाजूनं मावळायला लागलं. "असं कसं होईल," त्या म्हणाल्या. मग हळू, स्वतःशीच, "आम्हाला लोक काही काही म्हणाले होते. चिन्मय म्हणाला, आई, लोकांचं काय ऐकतेस." जुई आत्याकडं बघत होती. खुंटीकडं नाही, सासूकडं नाही, आत्याकडं. कमलिनीनं भिंतीवरचा खिळा शोधला.

गडबड ऐकून दोघं भाऊ आले. सत्यजित दारातच थबकला, "काय झालं, काय झालं?" करत. दत्तू मात्र काही विचारत नव्हता. दत्तूनं एकदा खोलीकडं बघितलं. पाट, खुर्ची, कोट, ताई. त्याची नजर ताईवर थोडी जास्त थांबली. मग तो मोठ्यानं म्हणाला, "अरे हटो हटो, मला शोधू द्या, तुम्हा बायकांना वस्तू सापडत नाहीत," आणि गुडघ्यांवर आला, पाटाखाली चाचपडला, उठताना तोल जाऊन कोटावर आपटला, सॉरी सॉरी म्हणत विहीणबाईंचा हात धरून उभा राहिला. "आणि हे काय? हे काय वो विहीणबाई? तुमच्याच शालीच्या घडीत!"

बटवा शालीतून जमिनीवर पडला. कमलिनीनं सगळं बघितलं होतं. ती बसलीच अशा जागी होती. भावाचं काम तिनं जन्मात पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं, आणि ते सुंदर होतं. घेणाऱ्या हातांनी ठेवलं होतं, आणि हवेलासुद्धा कळलं नव्हतं.

"अगं बाई!" योगिनीताईंनी कपाळावर हात मारला. "वय झालं हो माझं. कमलताई, माझ्याकडूनच... आणि मी काय काय बोलले. जुई, तू काही ऐकलं नाहीस हं, राजा." त्या लाजेनं लाल झाल्या, वैजयंतीचे हात धरले, आणि वैजयंती रडायला लागली ती सुटल्याचं रडू. सगळ्या जणी एकदम बोलत बाहेर गेल्या. जुई शेवटी निघाली. जाताना तिनं कमलिनीच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला. "आत्या, पाणी पी," एवढंच म्हणाली.

दार लागलं. भाऊबहीण तिघं उरले.

सत्यजितनं कोटाकडं बघितलं, दत्तूकडं बघितलं. दत्तूनं मान हलवली. सत्यजित पाटाच्या कडेला मटकन बसला. "ताई, तू? माझ्या खिशात?"

"हो."

"जुईच्या लग्नात? अगं, तुझ्या मांडीवर वाढली ती!"

"आणि तुम्ही दोघं कुणाच्या मांडीवर वाढलात रे?"

"म्हणजे ते अजून..." सत्यजितनं उपरण्यानं तोंड पुसलं, गंध पसरलं. "अगं पोरं होतो आम्ही. बेवकूफ. देव आणायला गेलो, पेटी समोर दिसली, हाव सुटली. गाढवपणा झाला. किती वेळा तुझी माफी मागितली असेल."

"एकदाही नाही."

"मनात मागितली! दुकानाला तुझं नाव दिलं ते काय उगाच?"

तिला हसू आलं. ते इतकं अवेळी आणि इतकं खरं होतं की ती हसलीच, आणि हसता हसता तिला दिसलं की दत्तू हसत नाहीये. किस्स्यांना पहिला हसणारा दत्तू. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता आणि स्वतःच्या हातांकडं बघत होता.

"दादा, बस कर," तो म्हणाला. "पेटी समोर नव्हती."

"दत्तू."

"ट्रंकेच्या तळाशी होती, साड्यांखाली. ट्रंक तिच्या सासूच्या उशाशी. अंधारात हात घातला तो सरळ पेटीवरच. आपल्याला कुणीतरी सांगितलं होतं, दादा."

"दत्तू, चूप बैठ. आज नको."

"आज नाही तर कधी? ती आज जुईला बसवणार होती घरात. तू बघितलं नाहीस तिचं तोंड. मी बघितलं. अगदी तसंच तोंड होतं." बाहेर कुणीतरी हाक मारत होतं, अहो चला, पाठवणीला या, बँडवाला घाई करतोय. कमलिनी हलली नाही. दत्तूनं पहिल्यांदाच मान वर केली, पन्नाशीला आलेला तिचा धाकटा भाऊ, आणि लहानपणी पडल्यावर बघायचा तसं तिच्याकडं बघितलं.

"कुणी सांगितलं होतं?" तिनं विचारलं, आणि विचारताना तिला जाणवलं की आपण उत्तर अडवायला हात वर केलाय.

"आईनं, ताई," दत्तू म्हणाला. "आईनं धाडलं आम्हाला. देव तेवढा पाटावर परत ठेवा म्हणाली, म्हणजे त्यांना कळेल कुणी नेलं. म्हणाली, ही अमरावतीला गेली की नोकरी सोडणार, नोकरी गेली की क्वार्टर जाणार. कमल राहिली तर आपण राहू."